तेल महागलं, तरी सोयाबीन का पडलं?

१४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या सोयातेलावर, पामतेलावर आणि सूर्यफूल तेलावर तोवर सगळं मिळून ५.५ टक्के शुल्क लागायचं, ते एका दिवसात २७.५ टक्क्यांवर गेलं. किराणा दुकानात तेलाचा भाव चढला. लातूर, अकोला, वाशीमच्या बाजारात लोकांना वाटलं, आता सोयाबीनही चढेल. काही दिवस भाव हललाही. पण काढणी सुरू झाली, आवक वाढली आणि अनेक ठिकाणी माल ४,००० ते ४,४०० रुपये क्विंटलने गेला. त्या वर्षीचा हमीभाव होता ४,८९२.

तेल महाग आणि तेलबी स्वस्त, हे एकाच वेळी कसं होतं? व्यापाऱ्यांनी लुटलं, हे उत्तर जिभेवर तयार असतं. बाजारात लूट होतच नाही असं मी म्हणणार नाही. वजनात होते, ओलाव्याच्या मापात होते, कटतीत होते. पण त्या हंगामातला मोठा तोटा त्यातून झालेला नव्हता. तो कुठून आला हे समजायचं असेल तर आधी दाण्याच्या आत काय असतं ते पाहावं लागतं.

सोयाबीन नावाला तेलबी आहे. भुईमुगाच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. सोयाबीनमध्ये जेमतेम १८ टक्के. घाणीवर ते नीट निघतही नाही, म्हणून सॉल्व्हंट प्लांट लागतो. तिथे दाणा भरडतात, साल वेगळी करतात, दाबून त्याचे पोह्यांसारखे पातळ काप करतात आणि त्यातून हेक्झेन नावाचं द्रावक खेळवतात. हेक्झेन तेल ओढून घेतं. मग ते उडवून परत वापरतात. एका क्विंटलमागे साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड हाती येते, उरलेलं घटीत जातं. या पेंडीलाच बाजारात डीओसी म्हणतात. तिच्यात ४५ ते ४८ टक्के प्रथिनं असतात आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

म्हणजे प्लांटवाला सोयाबीन विकत घेतो तेव्हा तो १८ किलो तेल आणि ८० किलो पेंड विकत घेत असतो. त्या दोन मालांची बेरीज, वजा त्याचा खर्च आणि नफा, इतकंच तो देऊ शकतो. त्याहून जास्त दिलं तर प्लांट तोट्यात चालतो. मग तो प्लांट बंद ठेवतो किंवा खरेदी कमी करतो.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यासाठी गोल धरले आहेत. तेल १०० रुपये किलो आणि पेंड ४२ रुपये किलो असेल, तर तेलाचे १,८०० आणि पेंडीचे ३,३६० मिळून ५,१६० रुपये झाले. आता शुल्क वाढलं आणि तेल १२० वर गेलं. तेलाचे झाले २,१६०. पण त्याच काळात पेंड ४२ वरून ३२ वर घसरली, तर पेंडीचे उरले २,५६०. बेरीज ४,७२०. तेल किलोमागे २० रुपयांनी महागलं आणि दाण्याची किंमत क्विंटलमागे ४४० रुपयांनी उतरली. यातून गाळपाचा खर्च, वाहतूक आणि प्लांटचा नफा मिळून ३०० रुपये काढले तर उरतात ४,४२०. हमीभावाला पोचणं प्लांटवाल्याच्या हातातच नव्हतं.

२०२४ च्या हंगामात घडलं ते याच स्वरूपाचं होतं. सगळी चर्चा १८ किलोची चालली होती आणि भाव पाडत होती ती ८० किलो पेंड.

तेलाचा लहान भाग: आयात

आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. वर्षाला साधारण १६० लाख टन. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनच्या बाजूने. जो देश इतकं तेल बाहेरून आणतो, तिथला तेलाचा भाव बंदरावर ठरतो. लातूरच्या प्लांटचं तेल मुंबई बंदरात उतरणाऱ्या तेलापेक्षा फार महाग विकता येत नाही, कारण मोठा ग्राहक लगेच बंदराचं तेल उचलतो.

बंदरावरचा भाव कसा तयार होतो? परदेशातली किंमत, जहाजभाडं आणि विमा धरून कच्चं सोयातेल मुंबईपर्यंत १,००० डॉलर टनाने पडलं असं समजा. डॉलर ८५ रुपये धरला तर किलोला ८५ रुपये झाले. त्यावर शुल्क. ५.५ टक्क्यांनी ४ रुपये ७० पैसे, २७.५ टक्क्यांनी २३ रुपये ४० पैसे. एका अधिसूचनेने किलोमागे १८-१९ रुपयांचा फरक पडला तो असा. (२७.५ चा आकडा मूळ शुल्क २०, कृषी पायाभूत उपकर ५ आणि या दोन्हींवर दहावा हिस्सा समाजकल्याण अधिभार यांतून येतो. आणि शुल्क व्यापाऱ्याच्या बिलावर लावत नाहीत, सरकार दर पंधरवड्याला जी आधारभूत किंमत जाहीर करतं तिच्यावर लावतात.)

यात रुपयाची भूमिकाही मोठी आहे. डॉलर दोन रुपयांनी महागला तर परदेशातला भाव जागचा न हलताही आयात तेल महागतं. खाणाऱ्याला ते बोचतं, पिकवणाऱ्याला थोडा आधार मिळतो. शेतमालाच्या आयात-निर्यातीत असे दोन बाजूंनी वेगळे दिसणारे आकडे जागोजाग भेटतात.

हे कायम असं नव्हतं. १९८६ मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू झालं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला शुल्क ६५ टक्के होतं, १९९८ पर्यंत ते १५ टक्क्यांवर आलं. शहरातल्या गरीब घरात स्वस्त तेल पोचलं, ही त्याची खरी चांगली बाजू. तेलबिया पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या स्वस्ताईची किंमत मोजावी लागली, ही दुसरी.

सोयातेलाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा फार कमी होते. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देशाने प्रत्येक मालावर शुल्काची कमाल मर्यादा मान्य केलेली असते. भारताने पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा राखून ठेवली, पण सोयातेलावर मर्यादा ४५ टक्क्यांची आहे. म्हणजे कितीही संकट आलं तरी सोयातेलाला ४५ च्या वर कुंपण घालता येत नाही.

आणि कुंपणाला फट असतेच. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे नेपाळमधून येणाऱ्या रिफाइंड तेलाला आपल्याकडे शुल्क लागत नाही. नेपाळात पाम पिकत नाही, सोयाबीनही फारसं नाही. तरी २०२४ मध्ये आपण शुल्क वाढवल्यावर तिकडून येणाऱ्या रिफाइंड तेलाचा ओघ एकदम वाढला. कच्चं तेल बाहेरून आणायचं, तिथे शुद्ध करायचं आणि सीमेपलीकडे पाठवायचं. शुल्कातला फरक हाच या धंद्याचा नफा. ३०-३१ मे २०२५ ला सरकारने कच्च्या तेलावरचं शुल्क २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आणलं आणि रिफाइंडवरचं ३५.७५ टक्के तसंच ठेवलं. यामुळे देशातल्या रिफायनरींना दिलासा मिळाला. वरच्या हिशेबाने तेल किलोमागे ९ रुपयांनी उतरलं, म्हणजे सोयाबीनच्या क्विंटलमागे १६०-१७० रुपये कमी झाले. पेरणीच्या तोंडावर.

पेंडीचा मोठा भाग: निर्यात

पेंडीची गोष्ट अगदी उलटी आहे. तिचे गिऱ्हाईक दोन, देशातला पोल्ट्रीवाला आणि परदेशातला खरेदीदार. देशात वापरून उरलेली पेंड बाहेर गेली नाही तर ती इथेच साचते आणि भाव पाडते.

एक काळ होता, भारत वर्षाला ३५-४० लाख टन सोयापेंड निर्यात करायचा. व्हिएतनाम, जपान, इराण हे मोठे ग्राहक. इराणवर निर्बंध असताना तर तो देश आपल्याला रुपयांत पैसे देऊन पेंड नेत होता. पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाचं उत्पादन इतकं वाढलं की त्यांची पेंड स्वस्त पडू लागली. २०१५-१६ मध्ये आपली निर्यात नावापुरती उरली. नंतर ती सावरली. २०२३-२४ मध्ये २० लाख टनांच्या आसपास माल गेला.

आपली पेंड महाग असूनही कोणी का घेतं? एक कारण जवळपणा. बांगलादेश किंवा नेपाळमधल्या खाद्यकारखान्याला अख्खं जहाजभर माल नको असतो. त्याला ट्रकभर, कंटेनरभर माल पंधरा दिवसांत हवा असतो, आणि तो आपण देऊ शकतो. दुसरं कारण, आपलं सोयाबीन जीएम नाही. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिनात जवळजवळ सगळं सोयाबीन जनुकीय बदल केलेलं असतं. युरोपात काही ग्राहक बिगर-जीएम खाद्यावर वाढवलेल्या कोंबडीला, अंड्याला, दुधाला जास्त पैसे देतात. त्यांच्यासाठी जर्मनी-फ्रान्सचे व्यापारी आपली पेंड चढ्या भावाने घेतात. पण त्यासाठी कागद लागतात. माल कुठून आला, वाटेत कशात मिसळला, तपासणी कुठे झाली. हे जास्तीचे पैसे निर्यातदारापर्यंत येतात. शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, मात्र ते वेगळे लिहिलेले कधी दिसत नाहीत, आणि ही मला या व्यवहारातली सर्वांत मोठी उणीव वाटते. बिगर-जीएम असणं ही गुणवत्ता शेतात तयार होते.

आता २०२४ मध्ये पेंड का पडली ते पाहू. एक तर ब्राझीलचं पीक प्रचंड होतं. तिथे १५ कोटी टनांच्या आसपास सोयाबीन निघतं, आपल्याकडे सव्वा कोटीच्या घरात. अर्जेंटिनाचं पीकही दुष्काळानंतर सावरलं होतं. जगात पेंडीचा पूर आला. पण दुसरं कारण आपल्याच घरातलं होतं आणि ते मला जास्त शिकवणारं वाटतं.

२०२३ चा पाऊस ओढला. महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस कमी होणार, साखर टंचाईत येणार, या भीतीने डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल तर हवंच होतं. मग मका आणि तांदळापासून ते मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं. धान्यापासून इथेनॉल काढलं की मागे जो चोथा उरतो, तो वाळवून विकतात. त्याला डीडीजीएस म्हणतात. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिनांचं प्रमाण सोयापेंडीच्या जवळ जातं आणि किंमत बरीच कमी असते. पोल्ट्रीवाल्याने खाद्यात सोयापेंड कमी केली आणि डीडीजीएस वाढवला. त्यात त्याची चूक नाही, त्याचाही हिशेब रुपयांचाच असतो.

म्हणजे सांगली-सोलापुरातल्या उसावर पाऊस कमी पडला आणि त्याची झळ वर्षभराने लातूरच्या सोयाबीनला लागली. यात पंजाबचा तांदूळ आला, बिहारचा मका आला, पेट्रोल पंप आला. कृषिखातं, अन्नखातं, पेट्रोलियमखातं यांचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होतात आणि एकाच शेतकऱ्याच्या पट्टीवर येऊन एकत्र होतात.

२०२१ ची आठवण

उलट्या बाजूचं उदाहरणही ताजं आहे. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन १०,००० च्या घरात गेलं होतं. तेव्हा शेतकऱ्याकडे माल जवळजवळ नव्हताच, पण पेरणी चढत्या भावाकडे बघून झाली होती. पोल्ट्री उद्योगाने ओरड केली की पेंड परवडत नाही. त्यातही तथ्य होतं. २४ ऑगस्ट २०२१ ला सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. भारतात जीएम सोयाबीन पेरायला बंदी, आणि जीएम पेंड न्हावा शेवा बंदरातून आत. पेंड तयार करताना दाणा भरडला जातो, त्यामुळे ती पेरता येत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद.

सप्टेंबरमध्ये नवा माल यायला लागला तोवर भाव उतरत गेले आणि काही आठवड्यांत निम्म्यावर आले. यातलं किती आयातीमुळे आणि किती नव्या आवकेमुळे, हे वेगळं काढणं अवघड आहे. काढणीच्या तोंडावर भाव तसाही नरम होतो. पण आयातीचा निर्णय काढणीच्या महिनाभर आधी झाला, यावर माझा आक्षेप आहे. तोच निर्णय एप्रिलमध्ये झाला असता तर पोल्ट्रीला खरी मदत मिळाली असती आणि शेतकऱ्याने पेरणीआधी विचार केला असता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोयाबीन, सोयातेल, मोहरी, हरभरा अशा काही मालांचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदे, बंद झाले आणि त्या बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. वायद्यात सट्टा होतो हे खरं. पण पुढच्या मार्चमध्ये भाव काय राहील याचा अंदाज बांधायची एक उघडी जागा होती, ती गेली. आता मोठा प्लांटवाला शिकागो आणि क्वालालंपूरचे आकडे बघून सकाळी आपला भाव काढतो. शेतकऱ्याच्या मोबाइलवर तो भाव येतो, त्यामागचा हिशेब येत नाही.

ओलावा: लबाडी किती, गणित किती

बाजारात दाण्याचा भाव कसा तुटतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. अडत्या किंवा प्लांटचा माणूस कट्ट्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, डागी आणि हिरवे दाणे बघतो, मग मॉइश्चर मीटरच्या कपात ओततो. आकडा येतो १६. प्लांटचा जाहीर भाव १०-२-२ च्या मालाला असतो, म्हणजे ओलावा १० टक्के, माती-कचरा २ टक्के, डागी दाणा २ टक्के.

पाण्यातून तेल निघत नाही आणि पेंडही होत नाही. १० टक्के ओलाव्याच्या क्विंटलमध्ये ९० किलो कोरडा माल असतो, १६ टक्क्यांच्या क्विंटलमध्ये ८४ किलो. तेव्हा ४,४०० रुपये भावाचा माल नुसत्या पाण्यामुळे ४,१०० चा होतो, कोणी लबाडी न करता. त्याशिवाय वाळवणीचा खर्च आणि थप्पीत माल तापण्याचा धोका म्हणून थोडं आणखी कापलं तर समजू शकतो. पण १६ च्या मालाला कोणी ३,६०० देत असेल तर वरचे रुपये ओलाव्याचे नाहीत. हा भागाकार (८४ भागिले ९०, गुणिले जाहीर भाव) मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो आणि तो करून मग बोलावं.

हमीभावाच्या सरकारी खरेदीला १२ टक्क्यांची अट असते. काढणीच्या वेळी परतीचा पाऊस झाला की ती पाळणं कठीण जातं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर ज्याला दिवाळीसाठी आणि रब्बीच्या बियाण्यासाठी पैसे हवे होते त्याने माल विकून टाकला होता. ज्याच्याकडे पत्र्याचं शेड आणि ताडपत्री आहे तो आठवडाभर माल वाळवू शकतो. बाकीचे रस्त्याच्या कडेला पसरतात आणि आभाळाकडे बघतात.

मग काय हवं?

शुल्क वाढवा किंवा कमी करा, एवढ्याने भागत नाही, हे वरच्या हिशेबातून दिसलं असेल. तेलावर २२ टक्के शुल्क वाढून जे ३६० रुपये मिळाले, ते पेंडीच्या १० रुपयांच्या घसरणीत गेले आणि वर ४४० रुपये आणखी गेले. मला वाटतं, सोयाबीनचं धोरण पेंडीपासून सुरू व्हायला हवं. पेंडीच्या निर्यातीला जहाजभाड्यात मदत, बिगर-जीएम मालाची गावपातळीपासून नोंद, आणि इथेनॉलचं धोरण आखताना डीडीजीएसचा पेंडीवर काय परिणाम होईल याचा आधी विचार. आणि शुल्कात बदल करायचाच असेल तर तो पेरणीच्या आधी जाहीर करून निदान काढणी संपेपर्यंत तसाच ठेवावा.

पण हे सगळं केलं तरी क्विंटलमागे चार-पाचशे रुपयांचीच ही लढाई आहे. आपल्याकडे हेक्टरी साधारण १० ते १२ क्विंटल सोयाबीन निघतं, ब्राझीलमध्ये ३० च्या वर. ४,४०० च्या भावाने १० क्विंटलचे ४४,००० होतात. त्याला २०२४ चा पूर्ण हमीभाव, ४,८९२, मिळाला असता तर हेक्टरी ४,९२० रुपये वाढले असते. त्याऐवजी भाव ४,४०० च राहून उतारा १५ क्विंटल झाला असता तर वाढले असते २२,०००. महाराष्ट्रात ५० लाख हेक्टरच्या आसपास सोयाबीन आहे आणि त्यातलं बहुतेक पावसावर अवलंबून. ऑगस्टच्या खंडात, शेंगा भरत असताना एक-दोन पाणी देता आलं, रुंद सरी वरंब्यावर पेरणी झाली, घरचं बियाणं उगवण तपासून वापरलं, तर उतारा वाढतो हे आपल्याकडच्या अनेक शेतकऱ्यांनी करून दाखवलं आहे. शेततळ्यातलं ते एक पाणी कुठल्याही अधिसूचनेपेक्षा जास्त रुपये देतं, आणि ते मिळावं म्हणून आयात शुल्काइतक्याच जोराने भांडलं पाहिजे.